रिसीव्हर सारखा ‘प्रोटेक्ट’ला जातोय? डबा उचलून नेण्याआधी हे वाचा (एमजी रोडमागच्या अँप्लिफायरवाल्या काकांचा रिव्ह्यू)

पाचपैकी चार स्टार. ज्यांच्या घरचा होम थिएटरचा रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा डबा) मध्येच बंद पडतो, घूंऽऽ करतो, टीव्हीशी बोलतच नाही, अशा सगळ्या नाशिककरांनी हे निवांत वाचा, कारण यातलं अर्ध्याहून जास्त घरबसल्या फुकटात करण्यासारखं आहे आणि ते मला दुरुस्तीवाल्या माणसानेच शिकवलं. स्वतःचं गिऱ्हाईक कमी करणारा कारागीर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

दुकान म्हणाल तर एमजी रोडच्या मागच्या बाजूला, मोबाईल कव्हर आणि टेम्पर्ड ग्लासवाल्यांच्या गर्दीतून आत शिरलं की एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर. बोर्डावरची अक्षरं उडालीत. नाव टाकत नाही कारण काकांनीच सांगितलंय, "नेटवर नाव नका टाकू, आधीच कामं पडून आहेत." ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी खाली चहावाल्याला अँप्लिफायरवाले काका कुठे बसतात एवढं विचारा, तो हात करून दाखवतो.

तर माझी केस. इंदिरानगरला फ्लॅट, हॉलमध्ये ५.१ चा सेट (पाच स्पीकर आणि एक सबवूफर), रिसीव्हर एका जपानी कंपनीचा, वॉरंटी कधीच संपलेली. दिवाळीच्या आधी घराला रंग दिला, पेंटरच्या पोरांनी सगळं फर्निचर मध्ये ओढलं, प्लास्टिक टाकलं, आणि काम झाल्यावर परत होतं तसं लावून दिलं. पाडव्याला संध्याकाळी पिक्चर लावायला बसलो तर रिसीव्हर चालू होतो, आतून टक् असा रिलेचा (स्पीकरची लाईन जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या स्विचचा) आवाज येतो आणि दोन सेकंदात बंद, समोरचा दिवा लाल, लुकलुक लुकलुक. परत चालू केला, परत तेच. घरात पाहुणे बसलेले, सौ. म्हणते टीव्हीच्या आवाजावर बघू, आणि माझं डोकं फिरलेलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसवाल्यांना फोन लावला. पलीकडच्या पोराने मॉडेल विचारलं, सिम्प्टम विचारलं आणि न बघता सांगून टाकलं, "प्रोटेक्शनला जातोय म्हणजे मेन बोर्ड गेला सर." बोर्डाचे चोवीस हजार, लेबर वेगळं, डबा मुंबईला पाठवावा लागेल, दोन-तीन आठवडे धरून चाला. एवढ्यात थोडे घालून नवीनच येतो ना भाऊ! बहुतेक लोक तसंच करत असणार, आणि जुना भंगारात.

मग ऑफिसातल्या एकाने या काकांचा नंबर दिला. फोनवर त्यांनी मॉडेल नंबर विचारलाच नाही. पहिला प्रश्न, "घराला रंग दिला का? का सोफा-बिफा हलवला?" मी म्हटलं हो, रंग दिला. "मग डबा आणू नका. मीच येतो. व्हिजिटचे पाचशे होतील, चालेल का?"

आले ते एक लहान टॉर्च, मल्टिमीटर, वायर सोलायचा कटर आणि शर्टाच्या खिशात एक पेन्सिल सेल घेऊन. रिसीव्हरचं झाकण उघडायचा प्रश्नच नाही, स्क्रू ड्रायव्हर पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नाही. आधी मेन स्विच बंद, मग मागच्या सगळ्या स्पीकरच्या वायरी काढून टाकल्या, सबवूफरची पिन काढली, एचडीएमआयसुद्धा काढली, आणि नुसता नागडा डबा चालू केला. चालू राहिला! पाच मिनिटं झाली तरी चालू. काका म्हणाले, "बघा, डबा चांगला आहे. भांडण बाहेर आहे."

हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. प्रोटेक्शन म्हणजे रिसीव्हर बिघडला असं नाही, उलट तो त्याचं काम करतोय, घरातला एमसीबी ट्रिप होतो तसंच आहे हे. स्पीकरच्या प्लस-मायनसमध्ये कुठेतरी शॉर्ट असेल, किंवा डबा प्रमाणाबाहेर तापला असेल, किंवा आतला आउटपुट ट्रान्झिस्टर उडून स्पीकरच्या लाईनवर डीसी यायला लागला असेल, तर तो रिले सोडून देतो म्हणजे तुमचे स्पीकर जळत नाहीत. यातली शेवटची गोष्ट खर्चाची, पहिल्या दोन फुकट. आणि पहिल्या दोन जास्त वेळा होतात. सगळ्या वायरी काढूनही बंद पडला तरच आत काहीतरी आहे, आणि तेव्हा मात्र परत परत बटण दाबून बघत बसायचं नाही, तसं करून अजून दोन पार्ट उडतात असं काका म्हणाले. काही कंपन्या तर डिस्प्लेवर किंवा दिव्यावरच सांगतात, यामाहावर ‘चेक एसपी वायर्स’ असं येतं, डेनॉनच्या मॅन्युअलात लाल दिवा सावकाश म्हणजे साधारण दोन-दोन सेकंदांनी लुकलुकला तर तापलाय आणि भराभर अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लुकलुकला तर स्पीकरची वायर नाहीतर सर्किट, असं लिहिलेलं असतं. पण मॅन्युअल कोण वाचतो, ते खोक्यात आणि खोकं माळ्यावर.

मग टॉर्च मारून त्यांनी एकेक वायरीचं टोक बघितलं. उजव्या मागच्या सराउंडच्या वायरीत सापडलं. पेंटरच्या पोराने वायर ओढली असणार, टोकाची तांब्याची वेणी सुटलेली आणि त्यातली एकच केसाएवढी तार लाल टर्मिनलमधून निघून शेजारच्या काळ्याला टेकलेली. एकच तार! टॉर्च तिरका धरला तेव्हा चमकली, नाहीतर मला दिसलीच नसती. काकांनी टोक कापलं, नवीन अर्धा इंच सोललं, घट्ट पिळलं आणि बनाना प्लग लावून दिले, ते त्यांच्याच खिशातून निघाले. झालं, चोवीस हजारांचा बोर्ड नीट झाला.

मला वाटलं आता पाचशे घेऊन जातील. तर म्हणाले, "आलोच आहे तर सगळं बघून घेऊ, परत नको यायला."

मल्टिमीटर ओहमवर ठेवून सगळे स्पीकर तपासले. आठ ओहमच्या स्पीकरवर मीटर आठ दाखवत नाही, सहा-साडेसहाच्या आसपास दाखवतो, कारण मीटर डीसीवर मोजतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. शून्याच्या जवळ आला तर शॉर्ट, काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलेली नाहीतर वायर तुटलेली. मग तो पेन्सिल सेल बाहेर काढला. रिसीव्हरच्या टोकाला वायर सुटी करून सेलचं प्लस लाल वायरीला आणि मायनस काळ्या वायरीला क्षणभर टेकवायचं, तिकडे स्पीकरमधून टक् येतं आणि कोन बाहेरच्या बाजूला उडी मारतो. मला जाळी काढून कोनाकडे बघायला बसवलं होतं. डावा टॉवर बाहेर आला, सेंटर बाहेर आला, उजवा टॉवर आत गेला. म्हणजे उजव्याची लाल-काळी उलटी! ते तर पहिल्या दिवसापासून उलटं होतं, शोरूमवाल्याच्या माणसाने बसवलं तेव्हापासून, आणि मी आपला इतकी वर्षं म्हणत होतो की या टॉवरांना बास नाही. एक कोन बाहेर, दुसरा आत, एकाने ढकललेली हवा दुसऱ्याने ओढून घेतली की बास राहणार कुठून. वायर पलटली आणि तबला ऐकला, डग्गा पोटात जाणवला. त्या एका गोष्टीसाठीच मी पाच स्टार दिले असते.

नंतर घूंऽऽ. माझ्या सबवूफरला कायम बारीक गुणगुण होती, रात्री घर शांत झालं की ऐकू यायची. काकांनी सेटटॉप बॉक्सच्या मागची गोल केबल सोडवली आणि गुणगुण गायब. परत लावली, परत हजर. हे ग्राउंड लूपचं दुखणं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती घरघर ५० नाहीतर १०० हर्ट्झवर ऐकू येते, केबलच्या जाळीतून एक अर्थिंग येतं, प्लगातून दुसरं येतं आणि दोघांमध्ये जो थोडाफार करंट फिरतो तो सब इमानदारीने वाजवून दाखवतो. उपाय दोन, केबलवाल्याच्या लाईनवर आयसोलेटर (वायरीतला अर्थिंगचा जोड तोडणारा छोटा डबा), किंवा सबच्या आरसीए वायरीत ऑडिओ आयसोलेटर, काही शे रुपयांचं काम. मात्र छतावर डिश असेल तर केबलवरचा आयसोलेटर चालत नाही, कारण डिशच्या एलएनबीला (डिशच्या तोंडाशी असतं ते यंत्र) बॉक्समधून त्याच वायरीने १३ नाहीतर १८ व्होल्ट जातात आणि आयसोलेटर ते अडवतो, चॅनेलच बंद होतात. एमजी रोडवर कोणीतरी विकेल तुम्हाला, डोळे झाकून घेऊ नका.

आणि एक महत्त्वाचं, पुष्कळ इलेक्ट्रिशियन काय करतात, प्लगची तिसरी पिन तोडतात. घूं जाते. पण उद्या आत काही लीक झालं तर डब्याला हात लावणारा जातो. काका यावर इतके चिडून बोलले की चहा गार झाला. त्यांनी मीटरने न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्टही बघितले, दोन-तीनच्या आत हवेत, आमच्याकडे बरेच जास्त निघाले. "सोसायटीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकता का कधी?" आता हे कोण टाकतं! सेक्रेटरींना सांगितलं, त्यांनी वॉचमनला सांगितलं, दोन बादल्या पडल्या, आणि पुढच्या वेळी मोजलं तेव्हा आकडा उतरलेला होता. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग नावालाच राहतं, पाणी घालावं लागतं. मीटर रूमच्या बाजूला ते छोटं चौकोनी झाकण असतं ना, ते.

इन्व्हर्टरचंही इथेच सांगतो. लाईट गेल्यावर रिसीव्हरमधून भुणभुण वेगळीच येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का बघा, आतला ट्रान्सफॉर्मर त्याच्यावर कुरकुरतो आणि तापतो. प्युअर साइन वेव्ह असेल तर ठीक, नाहीतर रिसीव्हर इन्व्हर्टरच्या लाईनवर घेऊच नका. आणि पहिल्या वळवाच्या पावसात जे आपल्याकडे लाईटचं येणं-जाणं चालतं त्यासाठी लोक दोनशे रुपयांची स्पाइक गार्डवाली पट्टी लावून निवांत बसतात. ती पट्टी क्षणभराचा झटका खाते, पण न्यूट्रल तुटून सॉकेटला तीनशे-साडेतीनशे व्होल्ट येत राहिले तर तिच्याने काही होत नाही, ती स्वतःच जळते. त्यासाठी व्होल्टेज वर-खाली झालं की लाईन तोडणारं आणि काही मिनिटं थांबून परत जोडणारं कट-ऑफ हवं, डीबीमध्ये म्हणजे एमसीबीच्या पेटीत बसतं, इलेक्ट्रिशियनला सांगितलं की कळतं.

आता आर्क, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय वायरीने उलटा रिसीव्हरला पाठवायची सोय. ही तर घराघरातली रड. टीव्हीवर ओटीटी लावलं, आवाज रिसीव्हरमधून यायला हवा, येतच नाही, किंवा काल येत होता आज नाही. काकांचा मुलगा हे सगळं बघतो, तो दुसऱ्या दिवशी ऑफिसवरून जाता जाता आला (त्याचे वेगळे पैसे नाही घेतले). तो म्हणाला, "दादा, आधी केबल कुठल्या भोकात आहे ते बघा." टीव्हीच्या सगळ्या एचडीएमआय पोर्टवर आर्क नसतो, एकावरच असतो आणि तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. रिसीव्हरच्या मागे दोन आउट असतील तर तिथेही बहुतेक एकाच आउटवर असतो. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (एचडीएमआयवरून यंत्रांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय) चालू पाहिजे, आणि हे सीईसी प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने लपवते, सॅमसंगला ॲनीनेट प्लस, एलजीला सिंपलिंक, सोनीला ब्राव्हिया सिंक. रिसीव्हरच्या मेन्यूतही चालू करावं लागतं. एवढं करूनही नाही आलं तर सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढायचे, रिमोटने बंद नाही हं, भिंतीतून, पाचेक मिनिटं थांबायचं, मग आधी टीव्ही, मग रिसीव्हर, मग बॉक्स. लाईट जाऊन आल्यावर ही सगळी यंत्रं एकदम जागी होतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत, आमच्याकडे तर दर वादळानंतर हा विधी असतोच.

आवाज येतो पण पाचही स्पीकर नाही, फक्त पुढचे दोन वाजतात, असं असेल तर टीव्हीचं डिजिटल साउंड आउटपुट पीसीएमवर (म्हणजे टीव्हीच आवाज सोडवून नुसता दोन स्पीकरचा पाठवतो) अडकलंय. ते ऑटो किंवा बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू करा, टीव्हीप्रमाणे शब्द बदलतो. आर्कमधून ओटीटीवालं ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज येतो ते डॉल्बी) पण जातं कारण ते डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये दाबून भरलेलं असतं, ब्लू-रेचं ट्रूएचडी मात्र आर्कमधून जात नाही, त्याला ई-आर्क (आर्कचीच नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती) लागतं किंवा प्लेयर थेट रिसीव्हरला लावावा लागतो. शोरूममध्ये ई-आर्कच्या नावाने महागडा टीव्ही गळ्यात मारत असतील तर स्वतःला विचारा, घरात ब्लू-रे प्लेयर आहे का. आमच्याकडे नाही. पुष्कळांकडे नाही.

माझ्या चुलत भावाकडे पाथर्डी फाट्याला वेगळीच गंमत झाली. त्याने नवीन फ्लॅटमध्ये भिंतीतल्या पाइपातून लांब एचडीएमआय टाकून घेतली आणि फोर-केला पडदा मध्येच काळा, मध्येच चित्र. साधी तांब्याची केबल पाचेक मीटरच्या पुढे फोर-के ६० ला दम टाकते, सगळ्याच टाकतात असं नाही पण भरवसा नाही. मग फायबरवाली आणली तर काहीच दिसेना, कारण फायबरवालीला दिशा असते, एका टोकावर सोर्स दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं आणि वायरमनने उलटी ओढली. पीओपी झालेलं. काय बोलणार. परत ओढली तेव्हा चित्र आलं, पण आर्क कधी लागतो कधी नाही. म्हणून भिंत बंद करायच्या आधी दोन्ही टोकांना टीव्ही आणि बॉक्स जोडून अर्धा तास चालवून बघा, आणि पाइप जाड टाका.

सुताराने केलेलं टीव्ही युनिट हा काकांचा दुसरा शत्रू. पहिला पिन तोडणारा इलेक्ट्रिशियन. लॅमिनेटचा बंद कप्पा, पुढे काचेचं दार, मागे वायरीपुरतं भोक, आणि वर शोभेला गणपती. रिसीव्हरमधली बरीचशी वीज उष्णता होऊन बाहेर पडते, तिला जायला जागा नाही. एप्रिल-मेमध्ये नाशिकला चाळीसच्या आसपास पारा असताना बंद कप्प्यात काय होत असेल विचार करा. तासाभराने बंद पडतो, थंड झाला की चालू होतो, असं असेल तर दुसरं काही शोधायच्या आधी दार उघडा. वर निदान चार-सहा इंच मोकळं हवं आणि वर सेटटॉप, राउटर काही ठेवायचं नाही. मी मागची फळीच काढून टाकली, युनिटचं रूप गेलं, जाऊ दे.

मग माइक लावून आवाज जुळवायचं जे असतं, कंपनीप्रमाणे ऑडिसी, वायपाओ वगैरे नावं, ते परत करून घेतलं. माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवायचा नाही, बसल्यावर कान जिथे येतात त्या उंचीवर स्टँडला, पंखा बंद, कुकर बंद, खिडक्या बंद. झाल्यावर रिसीव्हर कधी कधी टॉवरला ‘लार्ज’ करून ठेवतो, ते ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झला कापायचं, त्याखालचा जाड आवाज सबकडे जातो, म्हणजे खालचा भार सब उचलतो आणि रिसीव्हर मोकळा होतो. सबचं अंतर प्रत्यक्षाहून जास्त दाखवतो, ते बरोबर असतं, सबच्या आतल्या सर्किटचा उशीर तो अंतरात धरतो, हात लावू नका. संवाद ऐकू येत नाहीत आणि गोळीबार कान फाडतो ही ज्यांची तक्रार आहे (आमच्या आई) त्यांनी सेंटर दोन-तीन डेसिबल वाढवा आणि रात्रीसाठी डायनॅमिक रेंज (मोठ्या आणि बारीक आवाजातला फरक) कमी करायचा जो मोड असतो तो लावा, आईंनी रिमोट हातात धरून बसणं बंद केलं.

रिमोटवरून आठवलं, रिमोट चालत नसेल तर मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, जांभळट दिवा लुकलुकला तर रिमोट चांगला. पुढे.

आता डबा उघडायचं काम कसं करतात ते, कारण तेही बघितलं. सासरे नाशिकरोडला राहतात, त्यांचा दुबईहून आणलेला जुना स्टिरिओ रिसीव्हर, चांदीच्या रंगाचा, जड, त्यांच्या जिवाचा तुकडा. डावी बाजू गायब व्हायची आणि आवाज मोठा केला की परत यायची, बारीक केला की हळूच जायची. सासऱ्यांना वाटायचं स्पीकर गेला. काकांनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "रिले." स्पीकरच्या रिलेचे पॉइंट काळे पडले की कमी आवाजाचा बारीक करंट त्यातून जात नाही, मोठा झाला की काजळी फोडून जातो. रिले बदलला, काही शे रुपयांचा पार्ट, सूक्ष्म काम. व्हॉल्यूमची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून गेली, आणि इथे ऐका, गंज काढायचा जो निळा-पिवळा डबा सगळ्यांच्या घरी असतो तो स्प्रे मारू नका, ते तेल आहे, धूळ धरून बसतं.

मग त्यांनी मला बोलावून आत दाखवलं. मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी फॅक्टरीत लावलेला गोंद असतो, नवीन असताना पिवळसर, तो इतक्या वर्षांच्या उष्णतेने चॉकलेटी होऊन तडकला होता आणि शेजारच्या रेझिस्टरचा पाय त्याने हिरवा करून खाल्ला होता. तो गोंद जुना झाला की त्यातून वीज वाहायला लागते आणि धातू पण खातो. लाकडी काडीने खरवडून खरवडून काढला, स्पिरिटने पुसला, दोन रेझिस्टर बदलले. अजून निघालं काय, तर झुरळांची अंडी आणि एक वाळलेली पाल. गरम, अंधार, शांत जागा, त्यांना अजून काय पाहिजे. सासूबाई म्हणाल्या तरीच.

काम छान, पैसे चोख, जुने पार्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत देतात, बिलाच्या मागे पेनाने काय बदललं ते लिहून तीन महिन्यांची गॅरंटी. मग एक स्टार कशाला कापला? वेळेसाठी. गुरुवारी देतो म्हणाले की कुठला गुरुवार ते विचारून घ्या. सासऱ्यांचा डबा ठरल्याच्या कितीतरी नंतर मिळाला, मध्ये फोन उचलत नाहीत, उचलला तर "पार्ट लॅमिंग्टन रोडहून यायचाय" (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) एवढंच. मुलगा पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जातो तेव्हाच पार्ट येतात आणि तो कधी जाईल ते त्यालाही माहीत नसतं. एखादा मेसेज टाकायला काय जातं? दुकानात बसायला जागा नाही, एका स्टुलावर आधीच कुणाचा तरी अँप्लिफायर बसलेला असतो. पार्किंगचं तर विचारूच नका, एमजी रोडला गाडी आणलीत तर टोइंगवाल्यांची भेट ठरलेली, रिक्षाने जा नाहीतर शालिमारपासून चालत. आणि काका बोलतात जरा तिरकस. एक जण अमेरिकेहून आणलेला ११० चा डबा थेट आपल्या २३० च्या प्लगात घालून घेऊन आला होता, त्याला माझ्यासमोर "शिकलेले दिसताय" म्हणाले. वाईट वाटलं त्या माणसाचं. (स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो त्याला, वॅट भरपूर असलेला, आणि तरी ६० हर्ट्झसाठी केलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर जरा जास्तच तापतो, म्हणून तिकडून स्वस्त मिळतोय म्हणून उचलू नका.)

एचडीएमआयचा बोर्ड गेला असेल, म्हणजे स्पीकर वाजतात पण चित्र कुठल्याच पोर्टवरून कधीच येत नाही, तर ते काम काका घेत नाहीत, सरळ सांगतात की त्यातली चिप बदलायचं मशीन माझ्याकडे नाही. मग दोनच वाटा, कंपनीचा बोर्ड, किंवा चित्र थेट टीव्हीला आणि आवाज ऑप्टिकल वायरीने रिसीव्हरला. ऑप्टिकलमधून साधं ५.१ डॉल्बी आणि डीटीएस व्यवस्थित जातं, माझ्या मते आठ-दहा वर्षं जुन्या डब्यावर बोर्डाचा खर्च करण्यापेक्षा हेच बरं.

दुकान अकराच्या आधी उघडत नाही, दुपारी दोन ते चार बंद. डबा न्यायचाच असेल तर वायरी काढायच्या आधी मागचा फोटो काढा, प्रत्येक वायरीला टेप लावून पेनाने लिहा, सोबत रिमोट न्या कारण पुष्कळ रिसीव्हरची सेटिंग त्याच्याशिवाय उघडत नाहीत, आणि त्रास होतो तेव्हाचा व्हिडिओ मोबाईलवर घेऊन जा, दुकानात गेल्यावर तो डबा हमखास शहाण्यासारखा वाजतो. पैसे यूपीआयने घेतात, कार्ड नाही. साउंडबार आणि ब्लूटूथचे पार्टी स्पीकर नेऊ नका, हात लावत नाहीत.